पेपर छापून येईपर्यंत गप्प बसू नका: इम्युनॉलॉजीतलं ताजं काम कधी, कुणाला आणि कसं दाखवावं

नाशिकच्या एका संशोधक विद्यार्थिनीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये न्युमोकोकल (न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धच्या) लशीनंतर स्मृती बी-पेशी, म्हणजे जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, किती तयार होतात, ते मी बघते आहे. आत्तापर्यंत २४ मुलांचे नमुने झाले. नाशिक शहरातल्या मुलांच्या तुलनेत त्यांच्यात आयजीएम स्मृती पेशी (त्यांतला आयजीएम प्रतिपिंडवाला प्रकार) स्पष्ट कमी दिसतात. हिवाळ्यात परिषद आहे, पोस्टर पाठवावंसं वाटतं. प्रीप्रिंटही टाकू का? मार्गदर्शक म्हणतात, पेपर स्वीकारला जाईपर्यंत कुठे बोलू नकोस. कुणी कल्पना उचलली तर, ही भीती मलाही आहेच. शिवाय इंग्रजीत प्रश्न आले की माझी बोलतीच बंद होते."

मी गेली बावीस वर्षं माणसांच्या रक्ताच्या नमुन्यांवर काम करतो आहे, त्यातली चौदा नाशिकमध्ये. आधी सरळ उत्तर देतो. पोस्टर पाठवा. पण त्याच्या महिनाभर आधी चार-पाच जाणत्या माणसांसमोर आपलं कच्चं काम मांडा, आकड्यांसकट, आलेखांमागच्या मूळ फायलींसकट. प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षण होण्याआधीच इंटरनेटवर खुला ठेवलेला मसुदा, आज टाकू नका, खाली सांगतो ती कामं करून झाल्यावर टाका. काम ओलं असताना दाखवलं तरच त्याचा आकार बदलता येतो. पेपर स्वीकारला गेल्यावर दाखवलं तर लोक टाळ्या वाजवतील, पण तेव्हा दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असेल.

हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाड्यांवरच्या आणि शहरातल्या मुलांच्या टी-पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, तुलना करत होतो. पद्धत एलिस्पॉटची. प्लेटच्या तळाशी प्रतिपिंड (अँटिबॉडी) चिकटवलेलं असतं, वर पेशी आणि प्रतिजन (पेशींना चेतवणारा जंतूचा अंश) घालायचे. जी पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडते तिच्या जागी निळसर जांभळा ठिपका उमटतो. मग ठिपके मोजायचे. शहरातल्या मुलांच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) गच्च ठिपके, सुरगाण्याच्या मुलांच्या वेलमध्ये तुरळक. सहा महिने हेच चित्र येत राहिलं. कुपोषणामुळे टी-पेशी मंदावल्या असणार, हे स्पष्टीकरण आमच्याकडे तयारच होतं. ते इतकं पटण्यासारखं होतं की आमच्यापैकी कुणालाही शंका आली नाही. मसुदा लिहायला घेतला होता.

त्याच सुमारास पुण्यात एका छोट्या बैठकीत बोलायला बोलावणं आलं. शनिवारची सकाळ, पंधरा-वीस माणसं. मागच्या रांगेत एक वयस्क टेक्निशियन बाई बसल्या होत्या. माझं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सुरगाण्याहून ट्यूब किती वाजता निघते हो?"

मी सांगितलं, सकाळी नऊला रक्त काढतो, दुपारी काळी-पिवळीनं वणी-दिंडोरीमार्गे डबा येतो, संध्याकाळी प्रयोगशाळेत पोचतो, सेपरेशन, म्हणजे रक्तातल्या पेशी वेगळ्या करणं, दुसऱ्या दिवशी सकाळी.

"आणि शहरातल्या मुलांचं?"

"दोन तासांत."

बाई उठून पुढे आल्या आणि फळ्यावर दोन आकडे लिहिले. २ आणि २४. बाकी काही बोलल्या नाहीत. खोलीतल्या सगळ्यांना कळलं, मला दोन मिनिटं जास्त लागली.

काढलेलं रक्त ट्यूबमध्ये तासन् तास पडून राहिलं की त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी उत्तेजित होतात आणि त्यांची घनता उतरते. एरवी १.०७७ घनतेच्या फिकॉल या द्रवावर रक्त ठेवून फिरवलं की न्यूट्रोफिल लाल पेशींबरोबर तळाला जातात आणि वर लिम्फोसाइट-मोनोसाइटचा (टी-पेशी यातल्याच) पांढुरका पट्टा मिळतो. शिळ्या रक्तात हलक्या झालेल्या न्यूट्रोफिल तळाला न जाता त्या पट्ट्यातच अडकतात, आणि पुढे प्लेटमध्ये टी-पेशींना काम करू देत नाहीत. त्यात आमच्या डब्यात बर्फ असायचा. हेपरिनमधलं (गोठू नये म्हणून औषध घातलेलं) रक्त पेशींच्या कामासाठी न्यायचं असेल तर ते बर्फावर ठेवायचं नसतं, खोलीच्या तापमानाला ठेवायचं असतं. डबा भरणाऱ्या मुलाला आम्ही ते कधी सांगितलंच नव्हतं.

नाशिकला परतल्यावर आम्ही शहरातल्याच काही मोठ्या माणसांचं रक्त घेतलं. अर्धं लगेच सेपरेट केलं, अर्धं तसंच डब्यात भरून दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवलं. माणूस तोच, रक्त तेच, आणि दुसऱ्या दिवशीचे ठिपके तुरळक. मसुदा कपाटात गेला. पुढच्या वर्षी तालुक्याच्या ठिकाणी एक खोली मिळवून तिथे सेंट्रिफ्यूज ठेवलं आणि तीन तासांच्या आत सेपरेशन सुरू केलं. पाडा आणि शहर यांच्यातला तो ठसठशीत फरक जवळजवळ विरघळून गेला. त्या बाईंचा प्रश्न पेपर छापून आल्यावर आला असता, तर आदिवासी मुलांच्या टी-पेशी मुळातच कमजोर असतात हे वाक्य आमच्या नावानं कायमचं नोंदलं गेलं असतं, आणि ते खरं नव्हतं.

आता तुमच्याकडे येतो. "नाशिक शहरातल्या मुलांच्या तुलनेत" हे तुमचे शब्द वाचूनच मी थबकलो. तुमचं निरीक्षण चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. उलट, ते शरीरशास्त्राला धरून आहे. आयजीएम स्मृती बी-पेशींचं घर म्हणजे पानथरी (प्लीहा), आणि सिकलसेलमध्ये पानथरी लहानपणीच निकामी होत जाते. न्युमोकोकससारख्या आवरण असलेल्या जिवाणूंचा धोका या मुलांना म्हणूनच जास्त. पण निष्कर्ष अपेक्षित असला की माणूस कमी तपासतो. आमचं तेच झालं.

म्हणून पहिलं काम असं करा. २४ मुलांच्या वहीत प्रत्येक नमुन्यासमोर रक्त काढल्याची वेळ आणि सेपरेशन सुरू झाल्याची वेळ लिहा. ती नोंद नसेल तर आजपासून सुरू करा. दुसरं, तुलनेसाठी त्याच घरातली सिकलसेल नसलेली भावंडं घ्या. त्याच घरातलं जेवण, त्याच विहिरीचं पाणी, तीच काळी-पिवळी, तोच डबा. वाहक भावंडं (सिकलसेलचं एकच जनुक असलेली) वेगळ्या गटात ठेवा. वय नीट जुळवा, कारण आयजीएम स्मृती पेशी लहान वयात वर्षागणिक वाढत जातात. तीन वर्षांच्या मुलाशी आठ वर्षांच्या मुलाची तुलना केली तर फरक वयाचा निघेल आणि नाव सिकलसेलचं होईल. लशीच्या तारखाही प्रत्येकाच्या कार्डावरून उतरवून घ्या. सरकारी वेळापत्रकात ही लस ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने अशी आहे, पण पाड्यावर ती प्रत्यक्षात कधी पडली हे कार्डच सांगेल.

सिकलसेलच्या रक्ताचा एक खास त्रास असतो, तोही परीक्षक हमखास विचारतील. या मुलांच्या रक्तात केंद्रक असलेल्या अपरिपक्व लाल पेशी फिरत असतात. काउंटर मशीन त्यांना पांढऱ्या पेशी समजून मोजतं, आणि फिकॉलच्या पट्ट्यातही त्या घुसतात. टक्केवारी काढताना भागाकारातला खालचा आकडाच फुगलेला असेल तर तुमच्या स्मृती पेशी आपोआप कमी दिसणार. सायटोमीटर (पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) वापरताना प्रतिपिंडांच्या संचात, म्हणजे पॅनेलमध्ये, सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण) आणि सीडी२३५ए (लाल पेशींची खूण) घालून त्या लाल पेशी बाहेर काढल्याचं दाखवा. टक्केवारीशेजारी दर मिलिलिटर रक्तातला प्रत्यक्ष आकडाही द्या.

आणि घटना, म्हणजे यंत्रानं टिपलेल्या पेशी, किती मोजल्या ते लिहा. सायटोमीटरवर पेशी निवडायला आखलेल्या तुमच्या शेवटच्या चौकटीत फक्त ४० पेशी पडल्या असतील तर निव्वळ मोजणीतली अनिश्चितता साधारण १६ टक्के येते, ४०० पडल्या तर ५ टक्के. एका मुलाच्या रक्ताचे तीन वेल म्हणजे तीन मुलं होत नाहीत, हेही लक्षात असू द्या. स्तंभालेख काढू नका. २४ मुलं आहेत, २४ ठिपके दाखवा. ठिपके दिसले की बघणारा स्वतः विचार करतो आणि तुम्हाला तेच हवं आहे.

हे सगळं घेऊन मग चार-पाच जणांकडे जा. नाशिकमध्ये बसून जगापासून लांब आहोत असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. पुण्याला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि आयसर आहे, मुंबईला परळला सिकलसेलवर वर्षानुवर्षं काम करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. पहाटेची गाडी धरली तर एका दिवसात जाऊन-येऊन होतं. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहे, शहरात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, म्हणजे बालरोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट हाकेच्या अंतरावर. श्रोते निवडताना एक पथ्य पाळा. एक जण सायटोमीटर रोज हाताळणारा असू द्या, एक सिकलसेलची मुलं रोज तपासणारा, एक संख्याशास्त्र जाणणारा, आणि एक तरी असा टेक्निशियन ज्यानं आयुष्यभर ट्यूब हाताळल्या आहेत. मोठ्या पदाची माणसं गोळा करण्यापेक्षा हे चौघं जास्त उपयोगाचे. त्यांना आधी सांगून ठेवा: "मला शाबासकी नको, हे कुठे मोडेल तेवढं सांगा."

चोरीच्या भीतीबद्दल. ती खोटी आहे असं सांगून मी तुमची बोळवण करणार नाही. पण चोरण्यासारखं नेमकं काय आहे ते वेगळं काढा. सुरगाण्यातल्या कुटुंबांनी दिलेली संमती, आशाताईंची ओळख, नैतिक समितीची मंजुरी, थंडी-पावसात गोळा केलेले २४ नमुने, हे कुणीही एका पोस्टरवरून उचलून नेऊ शकत नाही. तुमच्यासारख्या कामात कल्पना एक आणा असते आणि नमुने पंधरा आणे. उलट, ज्याचं काम पूर्णपणे सार्वजनिक डेटावर उभं आहे, किंवा ज्याच्या हातात नव्या प्रतिपिंडाचा क्रम किंवा नवं अॅडज्युव्हंट (लशीचा परिणाम वाढवणारा घटक) आहे, त्यानं जपून बोलावं.

तुमच्या मार्गदर्शकांच्या मनात कदाचित पेटंट असेल. विचारा. पेटंटयोग्य काही असेल तर आधी तात्पुरता अर्ज दाखल करायचा, मग पोस्टर लावायचं. पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. आपल्या पेटंट कायद्याच्या ३१ व्या कलमात विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला १२ महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. युरोपात अशी मोकळीक नाही आणि प्रीप्रिंट म्हणजे विद्वत्सभा नव्हे. कोहलर आणि मिलस्टीन या शास्त्रज्ञांनी १९७५ साली मोनोक्लोनल प्रतिपिंडं बनवण्याची पद्धत छापली आणि तिचं पेटंट कधीच झालं नाही. जगाचा त्यात फायदा झाला. पण तसं करायचं असेल तर ते ठरवून करावं, अनवधानानं होऊ नये. स्मृती पेशी मोजण्याच्या तुमच्या कामात पेटंटसारखं काही असेल असं मला तरी वाटत नाही.

मार्गदर्शकांशी बोलताना "सर, मला परवानगी द्या" असं मोघम बोलू नका, त्याला मोघम नकारच मिळतो. एका पानावर लिहून न्या: पोस्टरवर काय दाखवणार, काय नाही, लेखकांची नावं कोणत्या क्रमानं, कोण कधी मसुदा बघणार. तालुक्याचे वैद्यकीय अधिकारी, नमुने गोळा करणारे, विश्लेषण करणारे, यांच्यातला कोण लेखक आणि कोणाचे आभार, हे आजच ठरवा. मी जेवढे कडवट वाद पाहिले, त्यातले बहुतेक चोरीचे नव्हते. ते नावांच्या क्रमाचे होते आणि काम संपल्यावर सुरू झालेले होते. मार्गदर्शक तरीही नाही म्हणाले तर कारण विचारा आणि ऐकून घ्या. कधी कधी त्यांनी पूर्वी खाल्लेली ठेच त्यामागे असते. पण त्यांना हेही सांगा की बंद दाराआडच्या चार जणांच्या बैठकीनं काहीच बिघडत नाही. तेवढी परवानगी सहसा मिळते.

आता प्रीप्रिंट. बायोआर्काइव्ह २०१३ साली सुरू झालं, आरोग्यविषयक कामासाठी मेडआर्काइव्ह २०१९ साली. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत. तुमचं काम रुग्ण मुलांवरचं आहे, तेव्हा जागा मेडआर्काइव्हची. तिथे नैतिक मंजुरीचा तपशील मागतात आणि कुणाची ओळख पटेल असं काही चालत नाही. टाकल्या दिवसाची तारीख आणि डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो, म्हणजे हे काम या दिवशी तुमच्याकडे होतं याचा जाहीर पुरावा. मागून कुणी तेच छापलं तरी ती तारीख कुणी पुसू शकत नाही. काही नियतकालिकं तर कुणी आधी छापलं म्हणून काम नाकारत नाहीत. प्लॉस बायॉलॉजीनं २०१८ साली सहा महिन्यांच्या आतल्या अशा कामाला दार उघडं ठेवण्याचं धोरण जाहीर केलं. बहुतेक मोठ्या नियतकालिकांना प्रीप्रिंट चालतो, तरी ज्यांच्याकडे पाठवणार त्यांचा नियम वाचून घ्या.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. प्रीप्रिंटची नवी आवृत्ती टाकता येते, "मागे घेतला" असा शिक्का मारता येतो, तो नाहीसा करता येत नाही. जानेवारी २०२० च्या शेवटी कोरोना विषाणूच्या काटेरी प्रथिनात एचआयव्हीसारखे तुकडे असल्याचा एक प्रीप्रिंट आला. इतर शास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिलं की इतके छोटे तुकडे असंख्य प्रथिनांत योगायोगानं सापडतात. दोन-तीन दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. दावा मात्र व्हॉट्सअॅपवर कित्येक महिने फिरत होता. तुमचाही विषय लशीचा आहे. भावंडांची तुलना आणि वेळेच्या नोंदी हातात येण्याआधी "सिकलसेलच्या मुलांमध्ये लशीनंतर स्मृती पेशी कमी" असं शीर्षक बाहेर पडलं, तर पाड्यावर पोचेपर्यंत त्याचं "लस लागू पडत नाही" होईल. ते होऊ देऊ नका.

कारण ते खरंही नाही. रक्तातल्या स्मृती पेशींची संख्या म्हणजे संरक्षण नव्हे. न्युमोकोकल लशीच्या बाबतीत लहान मुलांच्या गटासाठी वापरला जाणारा उंबरठा प्रतिपिंडांचा आहे, मिलिलिटरला ०.३५ मायक्रोग्रॅम, आणि तोही एकेका मुलाचं भविष्य सांगण्यासाठी नाही. सीरम उरलं असेल तर प्रतिपिंडं मोजून घ्या. नसेल उरलं, तर पेशी मोजल्या, संरक्षण मोजलेलं नाही, हे पोस्टरवर ठळक अक्षरांत लिहा.

गोपनीयतेचंही इथेच सांगतो. एका पाड्यावर सिकलसेलचं एकच मूल असेल आणि तुम्ही पाड्याचं नाव, वय, मुलगा की मुलगी हे तक्त्यात दिलंत, तर तालुक्यातला कुणीही त्या मुलाला ओळखेल. पुढे मुलीच्या लग्नापर्यंत ते तिच्यामागे येतं. नाशिक जिल्हा आणि वयोगट, एवढंच द्या.

पद्धत मात्र हात राखून लिहू नका. जपानी इम्युनॉलॉजिस्ट शिमोन साकागुची यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशी असतात, ही कल्पना १९८० च्या दशकात बदनाम झाली होती, लोकांनी तो विषयच सोडून दिला होता. साकागुचींनी १९९५ साली दाखवलं की सीडी२५ या खुणेवरून या पेशी ओळखता येतात. त्यामुळे दुसऱ्या प्रयोगशाळांना धरायला दांडी मिळाली, ते आपापल्या प्रयोगशाळेत करून बघू शकले. २००१ साली मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या गटानं या पेशी घडायला लागणारं फॉक्सपी३ जनुक शोधलं, आणि २०२५ चं नोबेल तिघांना मिळालं. अविश्वास वादावादीनं सरला नाही, दुसऱ्याच्या हातून तेच घडल्यावर सरला. म्हणून प्रतिपिंडाचा क्लोन, रंग, प्रमाण, मृत पेशी वगळण्यासाठी काय वापरलं, एफएमओ कंट्रोल (एकेक रंग वगळून केलेली तुलना), चौकटी कशा आखल्या, सगळं द्या. एमआयफ्लोसाइट नावाचा किमान तपशिलाचा नमुना २००८ पासून आहे, तो समोर ठेवून भरा. सायटोमीटरच्या मूळ एफसीएस फायली एखाद्या खुल्या डेटा-भांडारात ठेवा. फाइलच्या नावात मुलाचं नाव किंवा केसपेपर नंबर राहिला नाही ना, एवढं दोनदा तपासा. मी एकदा ते राहिलेलं पाहिलं आहे.

पोस्टरचं थोडक्यात. इंडियन इम्युनॉलॉजी सोसायटी १९७१ पासून आहे आणि तिची वार्षिक परिषद इम्युनोकॉन ही नवख्यांसाठी चांगली जागा आहे. पोस्टर मोठ्यांच्या भाषणापेक्षा उपयोगी, कारण समोरचा हातभर अंतरावर उभा असतो. मधोमध सगळ्यात मोठी जागा चौकटींच्या आकृतीला द्या. प्रस्तावना तीन ओळी पुरे. खाली एक रिकामा कोपरा ठेवा, "अजून काय तपासायला हवं" असं लिहून, आणि शेजारी पेन टांगा. लोक लिहितात. कापडावर छापून घ्या, घडी करून पिशवीत मावतं, गाडीत नळकांडं सांभाळत बसावं लागत नाही.

इंग्रजीचं म्हणाल तर आधी तेच काम मराठीत तीन मिनिटांत सांगून बघा, घरातल्या कुणाला तरी. जिथे अडखळाल तिथे इंग्रजी आड आलेलं नसतं, विचार अर्धवट असतो. तो पुरा झाला की इंग्रजी वाक्य लहान आणि साधं निघतं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, मग तो आपल्या शब्दांत उच्चारून दाखवा, तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो. उत्तर नसेल तर "हा कंट्रोल मी केलेला नाही, करीन" असं सांगून समोरच वहीत टिपून घ्या. मी परीक्षक म्हणून उभा असतो तेव्हा असं टिपून घेणारी मुलं माझ्या लक्षात राहतात.

एक धोक्याची सूचना. गोषवारा कुठेही दिसला की "सात दिवसांत पेपर स्वीकारू" असे ईमेल सुरू होतात. पैसे भरू नका, उत्तरही देऊ नका.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत जवळचा मुद्दा. ज्यांचं रक्त घेतलं त्यांना काम कधी दाखवायचं? परिषदेच्या आधी. वर्तमानपत्रात काही येण्याच्या तर नक्कीच आधी. आम्ही गेल्या काही वर्षांत हे नेमानं करतो. आश्रमशाळेच्या पडवीत, बाजाराचा दिवस सोडून, आशाताईंना सोबत घेऊन. प्रोजेक्टर नेत नाही. जाड कागदावर शरीराचं चित्र आणि त्यात डाव्या बाजूला बरगड्यांखाली पानथरी रंगवलेली. "तुमच्या मुलांची प्रतिकारशक्ती कमी" हे वाक्य आम्ही उच्चारत नाही. पानथरी रक्तातले जंतू गाळते आणि त्यांची ओळख लक्षात ठेवते, या आजारात ती लवकर थकते, म्हणून लस चुकवायची नाही आणि डॉक्टरांनी दिलेलं पेनिसिलीन थांबवायचं नाही, असं सांगतो. कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारी ताई तेच पुन्हा त्यांच्या बोलीत सांगते.

अशाच एका बैठकीत एक आजी बराच वेळ चित्राकडे बघत होत्या. आम्ही पेशी, लस, आमचे निष्कर्ष सगळं समजावून सांगितलं होतं. आजींनी विचारलं, "पानथरी थकली, तर मग रात्री ताप आला की सकाळपर्यंत थांबायचं का?"

आमच्या चार पानी पत्रकात याचं उत्तर कुठेच नव्हतं. थांबायचं नाही. सिकलसेलच्या मुलाला ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण १०१ फॅरनहाइटच्या वर ताप आला की त्याच रात्री, गाडी मिळेल तशी, दवाखान्यात न्यायचं, आणि पोचताच मूल सिकलसेलचं आहे हे आधी सांगायचं. पुढच्या छपाईत ते वाक्य पत्रकाच्या पहिल्या ओळीत गेलं, आमचे निष्कर्ष मागच्या पानावर.